पायरीखालचा पाट

परभणी-सोनपेठ गाडीचा कंडक्टर गोड बोलणारा माणूस नव्हे. हुकूम सोडल्यासारखा प्रत्येक शब्द दोनदा बोलतो. "सरका सरका, आजी." मी दर महिन्याला त्याच्याच गाडीनं सोनपेठला जाते. चौथीपर्यंत माझ्यासोबत एका तरटावर बसलेली मैत्रीण तिथं राहते. ती आता घराबाहेर पडत नाही, म्हणून जायचं मीच.

मागच्या खेपेला गुडघ्यामुळं मला पायरी चढवेना. दोघा प्रवाशांनी वर ओढलं. उतरताना मी कंडक्टरला म्हणाले, "बाबा, ही माझी शेवटची खेप. पुढल्या महिन्यापासून नुसता डबा देईन, तेवढा तिला पोचव."

काल स्टँडवर जाऊन शेंगांच्या पोळ्यांचा डबा त्याच्यापुढं धरला. त्यानं घेतला नाही. सीटखालून जेवायला बसायचा घरचा पाट काढला आणि पायरीखाली ठेवला.

"मी काय हमाल हाय का? चढा चढा. तुमचा डबा तुमीच न्या."

मी चढले. सोनपेठला आधी पाट उतरला, मग मी.

"आता तू जेवतोस कशावर बसून?" मी विचारलं.

"उभ्यानं उभ्यानं," तो म्हणाला. "पुढल्या महिन्यात टायमावर या."