बैलाच्या पाठीवरचे शहाऐंशी

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या साखऱ्यात टीव्ही दोन-चार घरांत होता, पण लाईटीचा भरवसा नव्हता, म्हणून आमचं क्रिकेट रेडिओवर आणि सेनगावहून एसटीने येणाऱ्या पेपरवर चालायचं. त्यातून आम्ही एक खेळ काढला. किराणा दुकानदार, शाळेतले गुरुजी, तांड्यावरचे नाईक आणि आम्ही बाप-लेक, असे चार संघमालक. खरे खेळाडू आपसात वाटून घ्यायचे. त्यांनी मैदानावर केलेल्या धावा आणि घेतलेल्या विकेटी आपल्या. बॉलरने दिलेल्या धावा आपल्यातून वजा. पेरणीपासून पोळ्यापर्यंत हंगाम. जो तळाला राहील, त्याच्या बैलांच्या पाठीवर पोळ्याच्या दिवशी त्याच्या बॉलरने एका सामन्यात खाल्लेल्या सगळ्यात जास्त धावा रंगवायच्या. ही अट दुकानदाराची. त्याच्याकडे बैलच नव्हते, हे आमच्या लक्षात अट मान्य केल्यावर आलं.

माझ्या वडिलांना, आबांना, क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बैल पारखावा तर आबांनीच, असं सगळं पुसेगाव-साखरा म्हणायचं, म्हणून बॉलर निवडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. पेपरातला एका धिप्पाड बॉलरचा फोटो हातभर लांब धरून ते म्हणाले, "खांदा बघ ह्याचा. मांड्या बघ. ह्योच घे."

"आबा, त्याला मार लई पडतो."

"मार कोणाला पडत न्हाई? पर ह्यो मधीच बसणारा न्हाई. तोंडावरून कळतं."

अर्ध्या तासात जू टाकून वावरात फतकल मारणारा बैल आबांच्या लेखी जगातला सगळ्यात मोठा गुन्हेगार होता. त्यांनी फोटो भाताच्या शितांनी गोठ्याच्या भिंतीला, बैलांच्या डोक्याशी, चिकटवला.

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगू! रेडिओवरच्या निवेदकाचा आवाज चढला, की समजायचं, आमचाच बॉलर टाकतोय. पाऊस पडो न पडो, त्याच्यावर चौकार-षटकारांची झड कायम. दुकानदार मुद्दाम रेडिओ मोठा करायचा आणि साखर तोलता तोलता माझ्याकडे बघायचा. त्या माणसाकडून साखर घ्यायची मला लाज वाटू लागली होती.

बॉलर बदलायची एक संधी होती. गुरुजींना दया आली. ते त्यांचा शिल्लक राहिलेला एक स्पिनर द्यायला तयार झाले. आबांनी त्याचा फोटो बघितला. "ह्याला काय चारा टाकत न्हाईत का? बरगड्या दिसून राहिल्या."

"आबा, आपल्या बैलांची इज्जत हाय ही!" मी ओरडलो.

"म्हणून तर म्हणतो," आबा म्हणाले आणि विषय संपला.

आबांची जोडी पोळ्यात निघाली की लोक ओट्यावरून उठून बघायचे. वर्षभर कुणापुढे मान न उचलणारा हा माणूस त्या एका संध्याकाळी ताठ चालायचा. तेच जाणार म्हणून माझा जीव खालीवर होत होता. आईचं वेगळंच. ती म्हणायची, "लिवायचं तर तुमच्या पाठीवर लिवा. बैलांनी काय केलं?"

शेवटचा सामना नेमका खांदमळणीच्या दिवशी आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात, तो दिवस. सकाळपर्यंत आम्ही नाईकांच्या थोडे वर होतो. दिवेलागणीला आमच्या बॉलरच्या नावावर शहाऐंशी धावा होत्या, विकेट एकही नव्हती आणि आम्ही तळाला होतो.

मी तणतणत गोठ्यात गेलो आणि फोटो फाडायला हात घातला. आबा बैलाचा खांदा चोळत होते.

"काहून फाडतो त्याला?"

"शहाऐंशी दिले त्यानं! वर रेडिओवाला म्हणतो, खांदा दुखावला होता. मग मरायला खेळला कशाला?"

आबांचा हात थांबला. "खांदा दुखावला व्हता? आन् तरी टाकत राहिला?"

"पुरे दहा ओव्हर."

आबांनी बोटावर तूप-हळद घेतली आणि फोटोतल्या बॉलरच्या खांद्याला लावली. कागद तेलकट झाला. माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही.

पोळ्याला दुकानदार रंगाचा डबा घेऊन हजर. त्याला वाटलं, आबा चिडतील, निदान गयावया तरी करतील. आबा म्हणाले, "मोठा काढ आकडा. वेशीतून दिसला पाह्यजे."

झुली काढून ठेवलेल्या आमच्या दोन्ही बैलांच्या पाठीवर पांढरे शहाऐंशी. मारुतीपुढे गर्दी खो खो हसत होती. आबा नेहमीसारखेच ताठ चालत होते.

"आबा, ह्यो आकडा कशाचा?" कुणीतरी मुद्दाम विचारलं.

आबा थांबले. "माझ्या बॉलरनं खाल्लेले रन हायेत," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पर खांदा दुखत असून पुरे दहा ओव्हर टाकले त्यानं. मधी बसला न्हाई."

आणि बैलाच्या खांद्यावर थाप मारून पोळ्याच्या तोरणाखालून पुढे गेले.