टाकून दिलेली चाल

मोबाइलवर येणारा कॉल फुकट झाला, त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या मुलीच्या कानांची तपासणी झाली. तिला दोन वर्षे पूर्ण झाली होती. झोपेचे औषध देऊन, डोक्याला तारा लावून केलेल्या त्या तपासणीत दोन्ही कानांना जवळजवळ काहीच ऐकू येत नसल्याचे दिसले. दोष जन्मापासूनचा असावा, असे डॉक्टर म्हणाले. तरीही तेव्हा ती एक चाल सुरात गुणगुणत असे.

ती चाल मी केली होती. लग्नानंतर आम्ही वाघोलीत फ्लॅट घेतला. पत्नी येरवड्याच्या एका कंपनीत होती, मी एका दैनिकात रात्रपाळीला. दुपारी घरी पेटी वाजवायला वेळ मिळे. पेटी कसबा पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडून घेतलेली, जुनी. आमच्या दैनिकातला एक मुद्रितशोधक मित्र छोट्या कार्यक्रमांतून गात असे. त्याला नवे गाणे हवे होते. आधी चाल पक्की करायची, शब्द नंतर, असे ठरले. शब्द चालीचे दोष झाकतात, असे त्याचे मत होते.

मुखड्याची ओळ पंचमापर्यंत चढे आणि कोमल निषादावर जाऊन थांबे. मित्राने ती दोनदा गाऊन पाहिली.

"जिना संपलाय आणि आपण अजून एक पायरी आहे समजून पाय टाकतो, तसं होतंय," तो म्हणाला. "थांबायला जागा बरी शोधलीत."

काही आठवडे मी तो निषाद लांबवून पाहिला, आखूड करून पाहिला. शेवटी काढून टाकला. ओळ पंचमावरून मागे वळून गंधारावर आली आणि षड्जावर टेकली. त्यानंतर अंतरा दोन दिवसांत झाला, कारण परत यायची वाट सापडली होती. मित्राच्या गळ्यासाठी पट्टीही काळी दोनवरून पांढरी एकला आणली. जुनी चाल ज्या कॅसेटवर घेतली होती, तिच्यावरच नवी रेकॉर्ड केली; जुनी पुसली गेली. त्या वेळी पत्नीला दिवसही गेले नव्हते.

मुलगी शांत होती. शेजारच्या इमारतीत दिवसभर फरशी कापायचे कटर चाले, ती झोपून राही. शेजारणी तिला गुणी म्हणत. दीड वर्षाची झाल्यावर मी पेटी काढली की ती मागे येऊन लाकडाला पाठ टेकून बसू लागली. एका रविवारी मित्र घरी आला तेव्हा ती तशीच बसून गुणगुणत होती. पेटी बंद होती. मित्र चपला काढता काढता थांबला.

"अहो, ही तर तुमची टाकून दिलेली. निषादावाली. तुम्ही शिकवलीत?"

"नाही."

"मग वहिनींनी?"

"मला यांची नवी येत नाही, जुनी कुठून येणार?" पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"मग गाणं हिलाच द्या," मित्र म्हणाला. "मी विसरलो होतो, तिला पाठ आहे."

हसणे झाले. मुलीने तीच ओळ पुन्हा घेतली आणि त्याच जागी थांबली.

दुसऱ्या वाढदिवसापर्यंत तिला एकही शब्द येत नव्हता. पाळणाघरातल्या बाई पत्नीला म्हणाल्या, "ताई, मागून हाक मारली तर ही वळत नाही. परवा ताट पडलं, सगळी पोरं दचकली, ही नाही. कान दाखवून घ्या."

घरी यावर वाद झाला. सुरात गुणगुणणाऱ्या मुलीला ऐकू येत नाही, हे मला पटेना. मित्रालाही पटेना. "सूर कळतो म्हणून शब्द कळतात का? तिने मला अजून आई म्हटलेलं नाही," पत्नी म्हणाली आणि तिनेच तपासणीची वेळ घेतली.

निकालानंतर चालीबद्दल डॉक्टरांना विचारले. पेटीची थरथर पाठीला जाणवत असेल, असे ते म्हणाले. पण तिच्या जन्मानंतर पेटीवर नवीच चाल वाजली होती. त्या आठवड्यात मित्राने तिचे गुणगुणणे कॅसेटवर घेतले आणि पेटीवर ताडून पाहिले. शेवटचा स्वर कोमल निषाद. पट्टी काळी दोन.

दिवाळीआधी श्रवणयंत्रे मिळाली. ती लावून पत्नीने मुलीला भिंतीकडे तोंड करून मांडीवर बसवले. खोलीच्या दुसऱ्या टोकाला मी नव्या चालीची पहिली ओळ वाजवली. मुलगी वळली. तिने पेटीकडे पाहिले, मग आईच्या तोंडाकडे.

पुढच्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा "आई" म्हणाली. जुनी चाल तिने यंत्रे लावल्याच्या दिवसापासून गुणगुणलेली नाही.