आठव्या दिवसाचं पाणी

पोलंडला पोचल्या दिवशीच अरिबाने हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरातलं दिसेल ते भांडं भरून ठेवलं. दोन पातेली, सॅलडचं मोठं वाडगं, कुणाची तरी बिनझाकणाची बाटली, शेवटी चहाची इलेक्ट्रिक किटलीसुद्धा. सकाळी तिच्याच खोलीत राहणारी पोर्तुगालची मार्ता उठून बघते तर एक भांडं रिकामं नाही. मार्ताने शांतपणे एकेक उचललं आणि सिंकमध्ये ओतून दिलं. नळ आहे की, मार्ता म्हणाली. नळ आहे हे अरिबालाही दिसत होतं. पण नळ असणं निराळं आणि नळाला पाणी असणं निराळं, हे पोर्तुगालच्या मुलीला कोणत्या इंग्रजीत सांगायचं?

धुळ्याला, देवपुरातल्या त्यांच्या गल्लीत पाणी आठव्या दिवशी येई, दुपारी तीनच्या आसपास, तास-दीड तास. अब्बू, नासीरभाई, सोफे-गाद्यांच्या कामावर नरडाण्यापर्यंत गेलेले असत. अम्मी, जीनत, उर्दू शाळेत शिकवायला. घरी उरत फक्त दादी, सुगराबी. त्यामुळे दहा वर्षांची असल्यापासून पाण्याचा सगळा कारभार अरिबाकडे. मोटर कधी लावायची, नळी आधी टाकीत की पिंपात, पहिलं गढूळ पाणी किती सोडून द्यायचं, हे तीच ठरवायची. पुढे ती अन्नतंत्रज्ञान शिकायला जळगावला गेली, तरी पाण्याच्या दिवशी सकाळच्या एसटीने घरी हजर. अब्बू लोकांना सांगत, "पोरगी शिकायला जळगावला आहे, नोकरीला आमच्या नळावर."

मग कॉलेजने एका सत्रासाठी तिला पोलंडच्या विद्यापीठात पाठवलं. तिथून काही एसटी नव्हती. पण गल्लीचा ग्रुप फोनमध्ये होता. व्हॉल्व्ह सोडणारा भिकन त्यावर लिहायचा, "देवपूर, पाणी सोडलं." तिकडचे तीन म्हणजे इकडचे साडेदहा. अरिबा वर्गातून बाहेर पडे, दादीच्या बटणांच्या फोनवर फोन लावी, आणि मोटर, नळी, पिंप असं सगळं क्रमाने वदवून घेई. दादी निमूटपणे होय होय करी. मग गप्पा निघत. ताडपत्रीवर वाळत घातलेल्या मिरच्या, गल्लीत कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं. अर्धा तास सहज जाई.

बाकीचे सात दिवस अरिबाला कसंतरीच होई. प्रयोगशाळेत फळांचा गर आटवायचा, ट्रामने परत यायचं, उकडलेल्या बटाट्यावर लाल तिखट भुरभुरून खायचं. डिसेंबरात साडेतीनलाच अंधार पडे. नळाला चोवीस तास पाणी, आणि हात रिकामे. ती कॉरिडॉरमध्ये या टोकाकडून त्या टोकाकडे फेऱ्या मारी, पुस्तक उघडी, मिटी, बोटांवर दिवस मोजी. मार्ता विचारी, कुणाची वाट बघतेस? अरिबा म्हणे, कुणाची नाही.

जानेवारीत परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या बाईंनी तिला बोलावून घेतलं. काम चांगलं आहे, जूनपर्यंत आणखी एक सत्र राहा, शुक्रवारपर्यंत कळव. घरी सांगितलं तर अब्बूंनी त्याच संध्याकाळी गल्लीत पेढे वाटले. अम्मी म्हणाली, विचारतेस काय, राहा. दादी तेवढी काही बोलली नाही. संध्याकाळचा फोन तसाही अम्मीचा असायचा. व्हिडिओवर आधी अम्मी, मग अब्बू, मग धाकटा भाऊ शेहजाद, आणि शेवटी दादीच्या वाट्याला एक मिनिट, त्यातही तिचं अर्धं कपाळच दिसे. त्या न बोलण्याचा अरिबाने अर्थ लावला. दिवाळीपासून दादीचा गुडघा सुजलेला, ओल्या फरशीवर ती नळी ओढणार, आणि मी इथे जूनपर्यंत गर आटवत बसू? तिने नकाराचं पत्र लिहून ठेवलं. पाठवलं मात्र नाही. रोज उघडून वाचायची, एखादा शब्द बदलायची, परत ठेवायची.

पुढचा पाण्याचा दिवस नेमका गुरुवारी आला, आणि त्याच सकाळी तिला वर्गापुढे आपलं काम मांडायचं होतं. केळ्याच्या गराचा तिसरा तक्ता पडद्यावर होता तेव्हा टेबलावरचा फोन थरथरला. भिकन. अरिबाचं वाक्य अर्ध्यात राहिलं. तिने तक्ता पुढे ढकलला, मागे आणला, आकडे दोनदा तेच सांगितले. सर थांबायला सांगेपर्यंतही तिला धीर धरवेना. पाच मिनिटांची मुभा मागून ती बाहेर आली आणि दादीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिला ओल्या फरशीवर आडवी पडलेली दादी दिसायला लागली.

तिसऱ्यांदा तिने शेजारच्या लताबाईंना लावला. लताबाईंचं माहेर पिंपळनेरचं, फोनवर त्या नेहमी ओरडूनच बोलत. मागे मोटरचा आवाज चालू होता. अरिबाने धापा टाकत सांगितलं, दादी फोन उचलत नाही, मोटर कोण लावेल, जरा बघता का.

"काय बघू वं माय? तुमनी टाकी मीच भरस, दिवाळीपासून," लताबाई म्हणाल्या. "दादी पिंपजवळ खुर्चीवर बठेल शे. फोन घरमा राही गया तिना. थांब, तिना हातमा देस."

दिवाळीपासून. अरिबाने भिंतीला टेकून मोजलं. दहा वेळा तरी तिने मोटर लाव, नळी टाक, असं घोकून घेतलं होतं, आणि दहाही वेळा दादी होय होय म्हणत खुर्चीवर बसून होती. तिला हायसं वाटायला हवं होतं. आला तो राग. आपल्यावाचून पिंपं भरत होती, आणि सांगितलं कुणी नाही.

दादी फोनवर आली तसं अरिबाने सरळच विचारलं, मला खोटं का सांगितलंस?

मागे पाणी पिंपात पडत होतं.

"भरलंय म्हटलं असतं तर तू लगेच फोन ठेवला असतास, बेटा," ती म्हणाली. "संध्याकाळी तू सगळ्यांची असतेस. पाण्याच्या दिवशी माझी."

आत वर्ग खोळंबला होता. तिने एवढंच विचारलं, "मग मी जूनपर्यंत राहू?"

"राहा की. पाणी काय, जूनपर्यंत येतच राहणार आहे."

अरिबा आत गेली. तिसरा तक्ता पुन्हा पहिल्यापासून सांगितला, थोडा घाईने, पण सांगितला. संध्याकाळी नकाराचं पत्र पुसून टाकलं आणि दोन ओळींचा होकार लिहून शुक्रवारची वाट न बघता पाठवला. त्यानंतरही ती कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारतच होती. जून फार लांब होता, आणि पुढचं पाणी अजून आठ दिवसांवर.

आठव्या दिवशी भिकनचा निरोप आला. फोन पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"दादी, पाणी सोडलंय. मोटर लावलीस?"

"लावते लावते," दादी म्हणाली. उठलं की करकरणारी खुर्ची मात्र करकरली नाही. मागून लताबाईंचा आवाज येत होता, शेहजादच्या नावाने काहीतरी ओरडत होत्या.

"नळी आधी टाकीत," अरिबा म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर ऐसपैस बसली. "पिंप कितीवर आलंय, बघून सांग. मी थांबते."