उत्तरेकडच्या पागोळ्या

लीलामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आईची पुण्यातली शेजारीण. लग्न होऊन १९७०च्या सुमारास वेल्सला आली. नवरा, श्रीकांतकाका, लानवेरिन नावाच्या खेड्यात जीपी, म्हणजे गावचे डॉक्टर. मी बर्मिंगहॅमला बँकेत लागले तेव्हा काका नुकतेच गेले होते आणि आईनं बजावलं, "भेटत जा तिला, एकटी आहे गं." म्हणून अधूनमधून वीकेंडला गाडी काढायची. कटकटच वाटायची, उगाच गोड कशाला बोलू?

कारण मावशी घरात बसेल तर शपथ. गावच्या चर्चची किल्ली तिच्याकडे असायची. "ख्रिश्चन झालीस की काय?" मी चिडवायची. "चूप बस, झाडू धर," ती म्हणायची. चर्च तेराव्या शतकातलं. गोल आवार, कडेनं यू नावाची काळपट, जुनाट झाडं. मनोरा नाही, भिंतीवरच एक कमान काढून तिच्यात घंटा टांगलेली. आत एकच लांबट खोली, चुन्याच्या जाड भिंती, मधोमध ओकच्या लाकडाचा कोरीव आडपडदा. त्याच्यावरच्या मूर्ती केव्हाच तोडलेल्या, नुसत्या खोबणी उरलेल्या. उत्तरेचं बुटकं दार दगडांनी चिणलेलं. बाप्तिस्म्याच्या वेळी सैतान बाहेर पडावा म्हणून ते उघडायचे म्हणे. त्या बाजूला ऊन येत नाही, गावातलं कुणी फिरकत नाही. मावशी मात्र तिथंच घोटाळायची.

तिथं तिची मुलगी होती. बारशाआधीच गेलेली. आपल्यात तान्ह्या बाळाला अग्नी देत नाहीत, पुरतात. परक्या मुलखात पुरायचं कुठं? तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी गुपचूप जागा दिली, उत्तरेच्या भिंतीला लागून, छपराच्या अगदी कडेखाली. दगड नाही, नाव नाही. काकांनी पुन्हा विषय काढू दिला नाही.

"वळचणीला टाकलं गं माझ्या पोरीला," मावशी म्हणायची. "सगळ्यांना पुढं उन्हात जागा, आणि हिच्या अंगावर पागोळ्या. तीस वर्षं भिजतेय." वेल्समध्ये पाऊस रोजचाच, आणि पाऊस लागला की तिला रडणं ऐकू यायचं. मला हे मनाचे खेळ वाटायचे. एकदा चिणलेल्या दारापाशी मेणाचे डाग खरवडत होते, तर दगडापलीकडून बारीक, दमलेलं कण्हणं आलं. पाणीच असेल. पण मी तडक गाडीत जाऊन बसले, काचा वर करून.

छपराला पन्हळ लागावी म्हणून मावशीनं चर्चच्या कमिटीला भंडावून सोडलं. केक विकले, समोसे विकले. २००४ साली एकदाची परवानगी आली, आणि लगोलग तिचा फोन. "अगं, पन्हळीचं पाणी वाहून न्यायला भिंतीलगत चर खणणार आहेत! मीच हट्टानं मागितली, आणि आता तीच माझ्या पोरीवर कुदळ आणतेय!"

"मग सांग ना त्यांना!"

"काय सांगू? पाद्रीबाबा गेले, हे गेले. चोरून पुरलीय म्हणून उचलून फेकली तर?"

मी रजा टाकून गेले. इतक्या जुन्या चर्चपाशी खणताना पुरातत्त्वाचं कुणीतरी हजर लागतं. नेरिस नावाची चिखलानं माखलेली बाई आली होती. मावशी साडीवर रेनकोट चढवून चराच्या तोंडाशी आडवी उभी राहिली आणि तिनं सगळं सांगून टाकलं. मधेच इंग्रजी फुटेना, उरलेलं मी सांगितलं. वाटलं, आता चौकशी, पोलीस. नेरिसनं कुदळवाल्यांना थांबवलं आणि स्वतः खुरपं घेऊन बसली.

दुपारी तिनं हाक मारली. मातीत काडीएवढी हाडं दिसत होती. मावशीनं माझा दंड करकचून धरला.

"ही तुमची नाही," नेरिस म्हणाली. "ही शेकडो वर्षांपूर्वीची आहे." जरा पुढं दुसरं बाळ. मग तिसरं. भिंतीला धरून ओळच होती. "बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांना आवारात जागा नसायची. मग लपूनछपून त्यांना इथं आणायचे. चर्चच्या छपरावरून ओघळलेलं पाणी पवित्र. ते अंगावर पडलं की बाप्तिस्मा झाला, अशी समजूत. तुमच्या पाद्रीबाबांना ठाऊक असणार. त्यांच्या हातात होती त्यातली सगळ्यात चांगली जागा त्यांनी दिली."

मावशीनं त्या ओळीवरून नजर फिरवली. "अगं बाई," ती म्हणाली, "आणि मी एवढ्या पोरांच्या अंगावरचं पाणी तोडायला निघाले होते."

चर तिथंच बुजवला. तिच्या मुलीपर्यंत जायची वेळच आली नाही. कमिटीसमोर मावशीनं सांगितलं, उत्तरेला पन्हळ नको. कमिटीनं कपाळावर हात मारून घेतला. खरं सांगते, मीही.

पुढच्या खेपेला गेले तेव्हा धो धो पाऊस. मावशीनं मला ओढतच भिंतीमागं नेलं आणि छत्री मिटायला लावली. पागोळ्या थेट डोक्यावर.

"ऐक," ती म्हणाली. "रडतेय का?"

मी ऐकलं. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक आवाज चालले होते, एक थांबला की दुसरा. पण या वेळी मी पळाले नाही.

"नाही मावशी," मी म्हणाले. "पुष्कळ जण आहेत. बोलताहेत."

तिनं ओल्या दगडाला गाल लावला आणि मनसोक्त रडली.