गाळलेली दोन कलमं

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी एकदम विचारलंत, "आजोबांनी ते स्टेम सेलचं इंजेक्शन शेवटी का घेतलं नाही?" आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून मी विषय बदलला. आता लिहून सांगते. त्या उपचारांची पहिली लिंक तुम्हीच पाठवली होती, पण त्यात तुमची काही चूक नाही. ती एका परदेशी प्रयोगशाळेची होती आणि खरी होती. इथे आजोबांना सापडलं ते वेगळंच होतं.

आजोबांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजून गेला आहे. त्या डोळ्याने समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. डाव्यालाही तोच आजार आहे, पण तो अजून काम देतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात त्यांनी जन्मभर तपासनिसाची नोकरी केली, म्हणजे सगळी नोकरी डोळ्यांवरच. आता सकाळची वंदना झाली की ते खिडकीशी बसतात आणि भिंग धरून डाव्या डोळ्याने अग्रलेखासकट पेपर वाचतात. त्यांच्यापाशी उरलेलं म्हणावं तर एवढंच.

फिरायला जाणाऱ्या एका मित्राने त्यांना कर्वेनगरातल्या एका दवाखान्याचं पत्रक दिलं. घरी आले ते पत्रक हातात नाचवतच.

"पोटाची चरबी काढतात, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करतात आणि एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत सोडतात. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी."

"आणि त्या पेशींना कोण सांगतं, की आता तुम्ही पोट नाही, डोळा?"

"तुला डाळीत नसलेले खडेसुद्धा सापडतात."

"निवडल्याशिवाय मी डाळ शिजवत नाही. इतकी वर्षं खाताय की."

माझ्या संशयाला कारण होतं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर मला बोलावलं होतं. माणसांवर कुठलंही संशोधन करायचं तर आधी अशा समितीची परवानगी लागते, आणि समितीत डॉक्टर नसलेलं, शास्त्रज्ञ नसलेलं एक साधं माणूस बसवावं लागतं. ते साधं माणूस मी. रुग्णाला सही करायला देतात तो संमतीचा कागद वाचायचा आणि हा कुणाला कळेल का, ते सांगायचं, हे माझं काम. पहिलं वर्ष मी बहुतेक बिस्किटंच खाल्ली.

मग डोळ्याच्या पडद्याचं एक संशोधन समोर आलं. ते मांडणारी शास्त्रज्ञ तुमच्या आईच्या वयाची होती. तिने मला समजावलं, की स्टेम सेल म्हणजे आपण काय व्हायचं ते अजून न ठरलेली पेशी. तिला पडद्याची पेशी व्हायला लावण्यात कित्येक आठवडे जातात, आणि दर टप्प्यावर तपासावं लागतं, कारण एखादी भलतीच पेशी आत राहिली तर गाठ होऊ शकते. या पेशी मुळात आल्या कुठून, असं मी विचारलं. मूल होण्याचे उपचार घेतलेल्या एका जोडप्याचे जादा गर्भ उरले होते, त्यांच्यापासून. मी विचारलं, "त्या दोघांना हे कशासाठी हवंय ते नीट सांगितलं होतं का? की घाईत सही घेतली?" तिने त्यांचा संमतीचा कागद दाखवला. तरी त्या दोघांचा विचार माझ्या मनातून बरेच दिवस गेला नाही. वस्तू ज्याची, त्याला धड विचारलं होतं का, ही शंका मला या विषयात कायम येते.

आणखी एक विचारलं होतं. इंजेक्शन एकाच डोळ्यात का?

ती म्हणाली, "दुसऱ्याशी तुलना करता येते, मॅडम. आणि आमचं चुकलं, तर पेशंटकडे एक डोळा राहतो."

त्या संशोधनाच्या संमतीच्या कागदाचं मराठी भाषांतर वाचवत नव्हतं. मी ते पुन्हा लिहिलं, अकरा कलमांत. लिहून झाल्यावर पोळ्या करायला येणाऱ्या बाईंना वाचून दाखवलं. लाटणं थांबवून त्या म्हणाल्या, "म्हंजे गुण येईलच असं न्हाई, असंच ना?" मी त्यांचेच शब्द दहाव्या कलमात घातले. समितीने माझा मसुदा तसाच स्वीकारला.

हे सगळं आजोबांना माहीत होतं. पण हे झालं रुग्णालयातलं, परक्या पेशंटांचं. ते स्वतःच्या डोळ्यांबद्दल बोलत होते. मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. कोट घातलेल्या एका मुलीने आम्हाला समोर बसवलं. ती डॉक्टर नव्हती.

"काका, डोन्ट वरी. तुमच्याच सेल्स आहेत, बॉडी रिॲक्ट करत नाही."

"याला कुठल्या समितीने परवानगी दिली आहे?" मी विचारलं.

"मॅडम, हे रिसर्च नाहीये, ट्रीटमेंट आहे. आम्ही रिसर्चच्या पुढे गेलोय."

तिने टॅबवर एका हसऱ्या माणसाचा व्हिडिओ दाखवला. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासण्या बघायला मिळतील का, असं मी म्हटलं.

"सॉरी मॅडम, पेशंटची प्रायव्हसी असते."

"चेहरा दाखवता आणि तपासणी झाकता?"

ती हसली आणि आजोबांकडे वळून बोलू लागली. त्यांनी संमतीचा कागद मागून घेतला. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "तू माझ्यासोबत आली होतीस की त्यांची तोंडी परीक्षा घ्यायला?"

दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी तो कागद माझ्यापुढे सरकवला. अक्षर बारीक होतं. मी मोठ्याने वाचू लागले. दोन कलमं झाल्यावर ते समाधानाने म्हणाले, "बघ, किती स्वच्छ मराठी आहे. लबाड माणसं इतकं नीट लिहितात का?"

हसू नका. शुद्ध मराठी दिसली की आपल्या घरातली माणसं अर्धी तपासणी तिथेच सोडून देतात. मीसुद्धा त्यातलीच.

तिसऱ्या कलमावर मी थांबले आणि पुन्हा वर जाऊन बघितलं. ते वाक्य माझं होतं. चौथंही. रुग्णालयात रुग्णांना माझ्या त्या कागदाची प्रत मिळते, त्यामुळे तो कुणाच्याही हाती लागू शकतो. पहिल्या दोनांसकट नऊपर्यंत सगळं माझंच, जसंच्या तसं होतं आणि नवव्याखाली सहीची जागा होती. मी लिहिलेलं त्यांनी लोकांचा विश्वास मिळवायला वापरलं होतं. राग आला आणि लाजही वाटली.

कपाटात तारखेनिशी लावलेल्या फायलीतून मी माझा हाताने लिहिलेला मसुदा काढला.

"अहो, मी सांगते त्यावर विश्वास ठेवू नका. तुम्हीच जुळवून बघा."

त्यांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवले, ओळीखाली पट्टी धरली आणि भिंग घेऊन डावा डोळा लावला. कारखान्यात एखादा भाग नकाशाशी ताडून बघत असतील तसंच. अर्धा तास गेला. शेवटी पट्टी थांबली.

"दहा आणि अकरा कुठे गेली?"

"वाचा ना."

त्यांनी माझ्या मसुद्यातून एकेक शब्द वाचला. "'याने गुण येईलच असे नाही. दुसऱ्या डोळ्याला हात लावला जाणार नाही.'" मग पट्टी बाजूला ठेवून त्यांनी दवाखान्यात फोन लावला. दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी का, एवढंच विचारलं. पलीकडून उत्तर आलं, की पुन्हा पुन्हा यायचा त्रास नको म्हणून.

"अहो बाई," आजोबा म्हणाले, "तपासणी म्हणून आम्ही सगळाच्या सगळा माल उडवून बघितला असता, तर सैनिकांच्या हाती काय दिलं असतं?" आणि फोन ठेवला.

मी समितीला आणि आरोग्य खात्याच्या वरच्या कार्यालयाला पत्रं लिहिली. दोन्हीकडून पोच आली. दवाखान्यावर आता दुसरी पाटी आहे. आतली माणसं बदलली असं मात्र मला वाटत नाही.

मी जिंकले, असं समजू नका. चार दिवसांनी आजोबा पेपर खाली ठेवून म्हणाले, "तू नसतीस तर मी घेतलं असतं. डोळे उघडले असते की गेले असते, ते आता कधीच कळायचं नाही." त्या शास्त्रज्ञ बाईंनाही मी विचारून आले. त्यांचं संशोधन तरुणपणी होणाऱ्या दुसऱ्या आजारावर आहे, आजोबा त्यात बसत नाहीत. नेहमीच्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जातो. डाव्या डोळ्यावरची सावली थोडी वाढली आहे. अग्रलेखाला पूर्वी वीस मिनिटं लागायची, आता चाळीस लागतात.

हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून आधी त्यांच्यापुढे ठेवणार आहे. पट्टी आणि भिंग घेऊन ते स्वतःच वाचतील. रिक्षातलं वाक्य काढून टाक म्हणतील. मी ते काढणार नाही.