पुढच्या रविवारी सुटणारा माणूस

आमच्या घरात सिनेमाला कुणी नावं ठेवत नसे, कारण सिनेमा हा आमच्याकडे विषयच नव्हता. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, पाठशाळेत न्यायशास्त्र, म्हणजे जुनं तर्कशास्त्र, शिकवायचे. पहाटे गंगेवर स्नान, दिवसभर पोथ्या, आणि संध्याकाळी बनारसमधल्या दूधविनायकाच्या गल्लीतल्या आमच्या माडीवर चार-सहा विद्यार्थी आणि त्यांचा कडाक्याचा वाद. खाली स्वयंपाकघरात फोडणीचा आवाज ऐकू येऊ नये इतका वाद. असल्या घरात माझ्या दादानं इंग्रजी सिनेमाची मालिका घुसवली, आणि तीही अशी की काही महिन्यांत अप्पाच रविवारची वाट पाहू लागले.

मालिका म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. अमेरिकेत शिळे झालेले हे सिनेमे फिरत फिरत बनारसला पोचायचे. गोष्ट एकच, पण तिचे बारा-पंधरा तुकडे केलेले. दर रविवारी सकाळच्या खेळाला त्यातले दोन दाखवायचे. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी नायक मरायचा. कधी मोटारीसकट दरीत कोसळायचा, कधी पेटलेल्या गुदामात सापडायचा, कधी खाणीत पाणी भरायचं आणि त्याची टोपी तेवढी तरंगताना दिसायची. मग पाटी यायची की बाकीचं पुढच्या आठवड्यात. आणि पुढच्या आठवड्यात हा गडी जिवंत! कपड्यांची इस्त्रीसुद्धा मोडलेली नसायची.

इंग्रजी कुणालाच कळत नसे. पुढच्या बाकावर एक पानवाला बसायचा, तो मोठ्यानं सगळ्यांना गोष्ट समजावून सांगायचा. त्यातली निम्मी त्याच्या पदरची. नायक पडला की तो उठून उभा राहायचा आणि ओरडायचा, "गइल गुरू, अब ना बची!" मग शिट्या, आरडाओरडा, आणि मी डोळे घट्ट मिटून दादाचा दंड धरलेला. दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, कॉलेजात जाणारा. पोरीला बरोबर नेणार असशील तरच जा, अशी आईची अट होती. म्हणजे तो थिएटरातून आणखी कुठे भटकणार नाही. आईचे हिशेब असे सरळ असायचे.

एकदा जेवताना आम्ही दोघं कुजबुजत होतो. अप्पांनी विचारलं, काय चाललंय. दादानं सांगितलं, एक माणूस मोटारीसकट कड्यावरून पडून मेला.

अप्पांचा घास हातातच राहिला. "मेला हे तू पाहिलंस की तुला वाटलं?"

"पाहिलं ना. मोटार खाली गेली, फुटली, जाळ झाला."

"मोटार गेलेली पाहिलीस. माणूस मेलेला पाहिलास का? प्रत्यक्ष किती आणि अनुमान किती, ते वेगळं सांग."

झालं. त्या दिवसापासून आमच्याकडे रविवारी जेवण झाल्यावर या सिनेमाचा शास्त्रार्थ सुरू झाला. दादानं डोळ्यांना दिसलं तेवढंच सांगायचं. मोटारीचं दार उघडं होतं की बंद? कडा येईपर्यंत नायकाचं डोकं खिडकीत दिसत होतं का? दादा यात फार हुशार होता, जसंच्या तसं उभं करायचा. मग अप्पा सुपारी कातरत विचार करायचे आणि नायक कसा सुटेल ते सांगायचे. ज्या माणसानं जन्मात पडदा पाहिला नव्हता, तो सांगायचा की त्या खाणीला वरून वाट असणार, कारण दिवा विझला तरी उजेड होता असं तू म्हणालास. आणि पुढच्या रविवारी वाट निघायची! अप्पा वरकरणी गंभीर असायचे, पण मिशीत हसायचे.

मात्र त्या सिनेमावाल्यांची एक खोड होती, तिनं अप्पांचं डोकं फिरायचं. गेल्या रविवारी नायक मोटारीत बसलेला असताना मोटार कड्यावरून गेलेली आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. या रविवारी तोच प्रसंग पुन्हा दाखवायचे, आणि आता नायक कड्याच्या आधीच दार उघडून उडी मारायचा. ही उडी गेल्या वेळी नव्हतीच.

"ही शुद्ध लबाडी आहे!" अप्पा कडाडायचे. "दाखवलेलं खोडून काढायचं? असल्या साक्षीदाराला कोर्टातून हाकलून देतील."

दादा हसून लोळायचा. "अरे अप्पा, कैमरा दूसरी तरफ था!"

"मग तसं आधी सांगावं. साक्ष द्यायची तर पुरी द्यावी."

आई आतून म्हणायची, "जगू द्या की त्या गोऱ्याला एकदाचा. तुमचं काय जातंय?"

आमच्या घराला त्याहून सुखाचे दिवस नंतर आले नाहीत. हे मी उगाच हळवी होऊन म्हणत नाही, तसंच आहे ते.

त्या वर्षी भाद्रपदात गंगा दुथडी भरून वाहत होती. दादा आणि गल्लीतल्या मिठाईवाल्याचा मुलगा, त्याचा जिवाचा मित्र, भोसले घाटावर पोहायला गेले. पूर असताना पलीकडे पोहून जायचं, ही बनारसच्या पोरांची जुनी खुमखुमी. दोघं निघाले. मित्र अर्ध्यातून परत आला. दादा आला नाही.

मल्लाहांनी तीन दिवस गळ टाकले. खाली राजघाटापर्यंत आणि त्याच्याही पुढे नावा जाऊन आल्या. काहीच हाती लागलं नाही. गल्लीतल्या बायका आईजवळ येऊन बसल्या आणि काय व्हायचं ते झालं असं सगळ्यांनी मनात धरलं. अप्पा सोडून.

चौथ्या दिवशी अप्पांनी त्या मित्राला बोलावून घेतलं. तो दारातच रडायला लागला. अप्पांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, काय पाहिलंस ते सांग.

"चाचाजी, वो आगे था। उसका सिर दिख रहा था। फिर मणिकर्णिका की तरफ जानेवाली, चिता की लकड़ी से लदी बड़ी नाव बीच में आ गई। नाव निकल गई, तो नहीं दिखा।"

"नाव बीच में आई, तब वो तैर रहा था?"

"हाँ।"

"डूबते देखा?"

"नहीं चाचाजी।"

"आवाज़ दी उसने?"

"नहीं।"

अप्पांनी दोन-तीनदा तेच तेच विचारलं आणि त्यानं तेच तेच सांगितलं. मग अप्पा आमच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? बुडताना कुणीही पाहिलेलं नाही." मी जिन्यावर बसले होते. तोच आवाज होता, रविवारचा.

अशा बाबतीत काय करायचं ते विचारायला लोक अप्पांकडेच येत. कुणाचा भाऊ बद्रीनाथला गेला तो परतला नाही, कुणाचे वडील मेळ्यात हरवले. अप्पांचा निर्णय ठरलेला असायचा. मृत्यू पाहिलेला असेल आणि देह मिळाला नसेल, तर पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी द्यावा आणि दिवस करावेत. मृत्यू पाहिलेला नसेल, तर बारा वर्षं वाट पाहावी. तोच निर्णय त्यांनी स्वतःच्या मुलाला लावला. बारा वर्षं. तोवर पिंड नाही, तर्पण नाही, काही नाही.

मग पितृपंधरवडा लागला. साऱ्या हिंदुस्थानातून माणसं आमच्या दारावरून पिंड द्यायला जात होती, आपापल्या मेलेल्यांची नावं घेत होती. आईनं अप्पांना सगळ्यांदेखत विचारलं, "लोकांच्या पणजोबांची भूक भागते इथे, आणि माझ्या लेकराला घोटभर पाणी द्यायचं नाही? पोटात काही न घालता घराबाहेर पडला होता हो तो."

"तो जिवंत असताना त्याला पिंड देऊ? आपल्या हातानं?" अप्पा म्हणाले.

सर्वपित्री अमावास्येला मी गच्चीवर गेले. आईनं गुपचूप केळीच्या पानावर भाताचा गोळा ठेवला होता, त्यावर तूप, शेजारी वड्याचा तुकडा. अप्पा काठी घेऊन पानाशी उभे होते. कठड्यावर कावळा येऊन बसायचा, आणि अप्पा त्याला हाकलायचे. तो उडून दुसऱ्या कठड्यावर जायचा, अप्पा तिकडे धावायचे. धोतर सुटत होतं, ते एका हातानं धरत होते. कावळा शिवला असता तर दादा मेला असता. एवढा मोठा पंडित, आणि एका कावळ्याशी भांडत होता. मी खाली येऊन उशीत तोंड खुपसून रडले. कोणाचं खरं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

दिवाळीनंतर नवी मालिका लागली. अप्पांनीच मला म्हटलं, जा, बघून ये. दादाचा मित्र मला घेऊन जायचा. तो पडद्याकडे पाहतच नसे, गुडघ्यात मान घालून बसायचा. घरी आल्यावर मी सांगायची आणि अप्पा ऐकायचे. पण आता वाद नव्हता. एका रविवारी नायक धबधब्यात पडला, पाण्याखाली गेला, वर आलाच नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दाखवलं की तो मधेच एक फांदी धरून लटकला होता. फांदी गेल्या वेळी नव्हती.

मी वाट पाहिली, आता अप्पा भडकतील. ते म्हणाले, "असू शकतं. पाण्यात फांद्या असतात."

माझा तोल गेला. "फांदी नव्हती, अप्पा! मी स्वतः पाहिलंय. लबाडी आहे ही, तुम्हीच म्हणायचात!"

"तू सगळीकडे पाहिलं होतंस का?" त्यांनी हळूच विचारलं. ते मला विचारत नव्हते, विनवत होते. मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीव आली. त्यानंतर मी थिएटरात पाऊल टाकलं नाही, आणि अप्पांनीही पुन्हा म्हटलं नाही.

त्या घरात मग दोन माणसं दोन मुलांबरोबर राहू लागली. आईचा मुलगा मेलेला होता आणि उपाशी होता. अप्पांचा मुलगा जिवंत होता आणि कुठेतरी वाट चुकला होता. आई कधी त्याचं नाव घेऊन डोळे पुसू लागली की अप्पा उठून बाहेर जायचे. अप्पा कुणा अनोळखी तरुणाला गल्लीत पाहून थबकले की आई दार लोटून घ्यायची. इतर सगळं ठीक चालायचं. औषधं, किराणा, माझं लग्न.

नऊ वर्षं अशी गेली. आई आजारी पडली तेव्हा मी नागपूरहून माहेरी आले. डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि आईला ते कळलं होतं. एका दुपारी तिनं अप्पांना जवळ बसायला सांगितलं. मी तिच्या पायांना तेल लावत होते. मला वाटलं, आता शेवटचं मागणं मागणार. दादाचे दिवस करा म्हणणार, आणि अप्पांना मरणाऱ्या बाईला नाही म्हणावं लागणार. माझे हात थांबले.

आई म्हणाली, "हे बघा, आता मी जातेच आहे. तो तिकडे असला तर मी बघते त्याचं. जेवूखाऊ घालते. आणि इकडे आला तर तुम्ही बघा. घराला कुलूप लावून कुठे जाऊ नका."

अप्पांनी तिचा हात हातात घेतला. "नाही जात," ते म्हणाले. नऊ वर्षांत या एका गोष्टीवर त्या दोघांचं पटलं.