मोठ्या बाईंचे तीन प्रश्न

मोठ्या बाई कधी ओरडत नसत. त्या विचारत. शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका आरोग्य केंद्रात त्या पर्यवेक्षिका होत्या आणि त्यांच्या हाताखाली सहा नर्स होत्या. ओरडा परवडला असता, असं त्या सहाही जणी सांगत. कारण काही चुकलं की बाई खुर्ची ओढून शेजारी बसत आणि तीन प्रश्न विचारत. काय झालं? त्यातून काय कळलं? आता काय करायचं?

हे प्रश्न त्यांनी कुठल्याशा प्रशिक्षणातून आणले होते. तिथे मिळालेला सायक्लोस्टाइल कागद केव्हाच पुसट झाला होता. दर शनिवारी दुपारी रुग्णांची रांग संपली की सहाही जणी औषधांच्या खोलीत खोक्यांवर बसत आणि आठवड्यात मनाला लागलेला एकेक प्रसंग सांगत. नियम दोनच. पहिल्या उत्तरात डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं तेवढंच सांगायचं. तिसऱ्या उत्तरात वार हवा. "यापुढे काळजी घेईन," असं कुणी म्हटलं की बाई विचारत, "यापुढे म्हणजे मंगळवारी का बुधवारी?"

मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोण, काय, कुठे, केव्हा हे चार प्रश्न मला तोंडपाठ होते, त्यामुळे बाईंच्या पद्धतीत एक प्रश्न कमी आहे असं माझं मत होतं. शनिवारच्या बैठकीवर मी एक खुसखुशीत स्फुटही लिहिलं. बाईंनी ते कापून औषधांच्या कपाटाला आतून चिकटवलं आणि भेटल्यावर म्हणाल्या, "छान लिहिता. पण तुम्ही आलात कधी?" मी गेलोच नव्हतो. स्फुट शहापूरला बसून लिहिलं होतं.

त्यानंतरची बातमीही मी बसूनच लिहिली. एस.टी. स्टँडवर चहा पिताना एका कंडक्टरने सांगितलं, की मुरबाडकडच्या एका वाडीत लस टोचल्यावर मूल आजारी पडलं. फॅक्सचं दुकान बंद व्हायला पंधरा मिनिटं होती. चार ओळी झाल्या. मथळा दिला: 'लसीने बालक अत्यवस्थ'. 'अत्यवस्थ' हा शब्द माझा. 'आजारी' मथळ्यात फार किरकोळ दिसत होता.

पुढच्या खेपेला नर्स बर्फाची पेटी घेऊन त्या वाडीत गेली आणि एकाही मुलाला न टोचता परत आली. आयांनी दारं लावून घेतली होती. शेजारच्या गावात गोवर आला होता आणि वाडीत गोवराची लस न मिळालेली नऊ मुलं होती.

बाईंचा निरोप आला. शनिवारी या, तुमच्यासाठी एक खोकं ठेवलं आहे.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हलगर्जीमुळे..."

"हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही. विश्वसनीय सूत्रांनी सांगितलं."

"सूत्र काय काम करतं?"

"कंडक्टर आहे."

सहाही जणी पदर तोंडाला लावून हसल्या. पुढच्या वीस मिनिटांत मी माझ्या बातमीतला एकेक शब्द मागे घेतला. शेवटी एवढंच उरलं: एका माणसाने सांगितलं, मी लिहिलं. दुसरा प्रश्न मी घाईने ओलांडला. तिसऱ्याचं उत्तर तयार होतं. मंगळवारी खुलासा छापतो, असं मी वारासकट सांगितलं.

"वाडीत पेपर येतो?"

"नाही."

"मग बातमी कशी गेली?"

ती खालच्या गावातल्या दुकानदाराने बायांना वाचून दाखवली होती.

"मग खुलासाही वाचून दाखवावा लागेल. गुरुवारी. तुम्ही या."

गुरुवारी आठ-दहा बायांपुढे उभं राहून मी माझा खुलासा खणखणीत आवाजात वाचला. आवाजाबद्दल तेव्हा मला अभिमान होता. वाचून झाल्यावर सोमी नावाची तरणी बाई पुढे आली. आजारी पडलेलं मूल तिचंच.

"तू माझ्या पोराला बघलास का रे?"

"नाही."

"मंग लिवलास कसा?"

मी हातातल्या खुलाशाची घडी घालू लागलो.

"आन् ह्यो कागद पन तुझाच?"

"हो."

"मंग आमी कंचा खरा धरायचा?"

बाया हसल्या. बाईंनी मला बाजूच्या दगडावर बसायला सांगितलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. "सोमे, त्या दिवशी काय झालं, तूच सांग गो."

सोमीने सांगितलेलं माझ्या कुठल्याही बातमीपेक्षा नेमकं होतं. दुपारी टोचलं. दिवेलागणीला अंग तापलं. मांडीला गाठ आली. पोर रडत राहिलं. सकाळी दूध प्यालं. "पन ताप येल, ह्ये कुनी बोलला नाय. आमाला वाटला, पोर चालला."

बाईंनी सोबतच्या नर्सकडे पाहिलं नाही. "सांगायचं राहिलं. चूक आमची आहे," म्हणाल्या आणि तसं वहीत लिहिलं. मग म्हणाल्या, "आज टोचते आणि आज इथंच राहते. ताप आला तर मी आहे."

"त्यो पन राहू दे," सोमी माझ्याकडे हात करून म्हणाली. "ताप कसा असतो, डोल्यांनी बघू दे."

मी राहिलो. राहिलेल्या लसी आठ मुलांना टोचल्या. दोघांना ताप आला, बाईंनी गोळी दिली, उतरला. सकाळी सोमीने तिचं पोर माझ्या मांडीवर ठेवलं. ज्याला मी छापून अत्यवस्थ केलं होतं, त्याला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. उचलायला जड होतं.

नववं मूल मात्र राहिलं. ते कुटुंब वीटभट्टीवर कामाला गेलं होतं, कुठल्या ते वाडीत कुणाला माहीत नव्हतं. "तुम्ही वार्ताहर ना? शोधा. दर सोमवारी," बाई म्हणाल्या. मी स्कूटरवरून भट्ट्या हिंडू लागलो. दोन ठिकाणी मालकांनी मला कामगार खात्याचा माणूस समजून थंड पाजलं. ते मी प्यालो. मूल सापडत नव्हतं आणि बाईंची निवृत्ती जवळ येत होती.

ते सापडलं वाशिंदच्या बाजूला, नेमकं बाईंच्या निरोप समारंभाच्या सकाळी. आई म्हणाली, "मोठी बाय आली तर टोचू. दुसरी कुनी नको." मी टेलिफोन बूथवरून केंद्रात फोन केला.

समारंभ चारला होता. बाई बाराला पेटी घेऊन निघून गेल्या. पाहुणे आले, हार आला, बाईंची खुर्ची रिकामीच राहिली. माझं भाषण चार पानांचं होतं. मी ते त्या खुर्चीकडे बघून केलं. तिसऱ्या पानावरच टाळ्या पडल्या, म्हणून बसलो.

सहाच्या सुमारास बाई आल्या तेव्हा खुर्च्या उचलणं चाललं होतं. साडीचे काठ विटांच्या धुळीने लाल झाले होते.

"टोचलं," त्या म्हणाल्या. "काय ओरडला तो! छाती चांगली आहे."

मग त्यांनी पेटीतलं पाणी मोरीत ओतलं, पेटी पुसून उपडी घातली, सहाही जणींच्या पाठीवरून हात फिरवला आणि हार पिशवीत टाकून शहापूरची एस.टी. पकडायला निघाल्या.